न्हाणीघराच्या भिंतीवरील सांधेमोड लादीकाम : निवड आणि आखणी

वऱ्हाडातील जुन्या घरांत न्हाणी म्हणजे परसदारी बसविलेला शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि तिन्ही बाजूंना तट्ट्याचा आडोसा, एवढ्यावरच भागत असे. घरातील स्त्रियांना उजाडण्यापूर्वी स्नान उरकावे लागे. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेले स्वच्छ भारत अभियान आणि १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेले जलजीवन मिशन यांच्यामुळे ग्रामीण भागात शौचालयाबरोबरच बंदिस्त न्हाणीघराचीही गरज ठळकपणे पुढे आली. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालखंडातील अनुदानापैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील ठेवण्यात आला होता. शाळा, वसतिगृहे आणि ग्रामपंचायतींच्या इमारती यांतून भिंतींना लाद्या लावण्याची कामे त्यामुळे वाढत गेली.

रिसोड हा वाशीम जिल्ह्यातील तालुका. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश करण्यात आला. अशा तालुक्यात न्हाणीघर एकदाच बांधले जाते. ते दहा वर्षांत पुन्हा फोडून नवे करणे सामान्य कुटुंबाला परवडत नाही, आणि ग्रामपंचायतीला तर त्यासाठी निधी मिळणेही कठीण. असे असूनही भिंतीवर लाद्या कोणत्या क्रमाने बसवावयाच्या हा निर्णय बहुधा काम सुरू झाल्यावर, गवंड्याच्या हातात पहिली लादी आल्यावरच घेतला जातो. तो त्याआधी, कागदावर घेतला गेला पाहिजे. विशेषतः सांधे मोडून लाद्या बसवावयाच्या असतील तर ही दक्षता अपरिहार्य ठरते.

सांधे मोडण्यामागील कारण

भिंत बांधताना एका थरातील दोन विटांमधील उभा सांधा खालच्या थरातील उभ्या सांध्यावर येऊ द्यावयाचा नाही, हा बांधकामाचा पहिला धडा होय. रिसोडचा गवंडी तो वडिलांकडून शिकतो, तंत्रनिकेतनातील विद्यार्थी पुस्तकातून. सांध्यावर सांधा आला की भिंत उभी चिरते. सांधा मोडला की वरचा भार खालच्या दोन विटांवर विभागला जातो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारसारख्या ठिकाणी जी जुनी दगडी मंदिरे उभी आहेत, तीही दगडांच्या परस्पर पकडीवर आणि वजनावर टिकून राहिली आहेत.

लादीचे तसे नाही. लादी भार वाहत नाही. ती भिंतीला चिकटविलेली असते. सांधे मोडल्याने लादीकाम अधिक मजबूत होते अशी जी समजूत सर्वत्र आढळते, ती विटेच्या नियमावरून लादीला लावलेली आहे आणि तिला आधार नाही. मग सांधे मोडावयाचे तरी कशासाठी? एक कारण दृष्टिसुखाचे आहे. विटेच्या भिंतीची ओळखीची ठेवण डोळ्याला स्थिर वाटते आणि अरुंद खोली आडव्या रेषांमुळे थोडी रुंद भासते. न्यूयॉर्क शहरातील भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांनी तिच्या स्थानकांच्या भिंतींवर ३ इंच बाय ६ इंचांच्या पांढऱ्या चकचकीत लाद्या विटेप्रमाणे सांधे मोडून बसविल्या. जमिनीखालच्या अंधारात उजेड परावर्तित व्हावा आणि भिंत धुता यावी हा त्यातील व्यावहारिक हेतू होता. पुढे हीच रचना घरोघरच्या न्हाणीघरांत गेली.

दुसरे कारण गवंडीकामाचे, आणि ग्रामीण भागात तेच अधिक महत्त्वाचे. सांध्यावर सांधा ठेवून लाद्या बसविल्या तर चार लाद्यांचे कोपरे एका बिंदूत मिळतात. एखादी लादी मिलिमीटरभर लांब किंवा आखूड असली तरी तो फरक त्या चौफुलीवर तत्काळ दिसतो आणि वरच्या थरांत वाढत जातो. सांधेमोड रचनेत तीनच लाद्या एका ठिकाणी मिळतात आणि उभा सांधा प्रत्येक थरात खंडित होतो, त्यामुळे लांबीतील लहानसहान फरक लपतो. स्वस्त मालात मापाचा असा फरक असतोच.

मात्र ही रचना एक दोष झाकते तर दुसरा उघडा पाडते. भट्टीत भाजताना लादी किंचित वाकते. तिचा मध्य उंच आणि टोके खाली राहतात. सांध्यावर सांधा असेल तर टोकाशेजारी टोक येते आणि वाक लक्षात येत नाही. अर्ध्यावर सांधा मोडला की एका लादीचे खाली गेलेले टोक वरच्या लादीच्या उंच मध्याला भिडते. हात फिरविला तर पायरी लागते आणि फवाऱ्यावरील दिव्याचा तिरपा उजेड पडला की प्रत्येक पायरीची सावली भिंतीवर उमटते. थोडक्यात, ही रचना लांबीतील चूक क्षमा करते, वाक क्षमा करीत नाही.

कोणती लादी, किती मोड

त्यामुळे लादीची निवड आणि मोडीचे प्रमाण हे दोन प्रश्न एकत्रच सोडविले पाहिजेत. लांबी जितकी अधिक तितका वाक अधिक. अमेरिकेतील लादीकामाच्या मानकात, लादीची कोणतीही बाजू १५ इंचांहून म्हणजे सुमारे ३८० मि.मी.हून मोठी असेल तर मोड लादीच्या लांबीच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक ठेवू नये, असे सांगितले आहे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ३०० बाय ६०० मि.मी. लादीला हा नियम लागू करावा. म्हणजे मोड २०० मि.मी.पर्यंतच ठेवावी.

तथापि या नियमाकडून फार मोठी अपेक्षाही धरता येत नाही. लादीचा मध्य टोकांपेक्षा १ मि.मी. उंच आहे आणि तिचा वाक एकसारख्या कमानीचा आहे असे धरले, तर अर्ध्या मोडीत पायरी १ मि.मी.ची, एकतृतीयांश मोडीत सुमारे ०.९ मि.मी.ची आणि एकचतुर्थांश मोडीत सुमारे ०.७५ मि.मी.ची येते. पायरी कमी होते, नाहीशी होत नाही. खरा उपाय सपाट लादी घेण्याचा आहे, आणि तिची परीक्षा दुकानातच करता येते. एकाच खोक्यातील दोन लाद्या चकचकीत बाजू समोरासमोर करून जुळवाव्यात आणि उजेडाकडे धरावे. दोन्हींचा वाक एकत्र होऊन फट दुप्पट दिसते. त्यानंतर तीन लाद्या सपाट ओट्यावर, ठरविलेल्या मोडीनुसार शेजारी मांडून सांध्यावरून नख फिरवावे. नख ठळकपणे अडले तर तो माल या रचनेसाठी घेऊ नये, भाव कितीही कमी असला तरी.

एकतृतीयांश मोडीत आणखी एक सावधगिरी लागते. प्रत्येक थर एकाच दिशेने सरकवत नेला तर सांध्यांचा जिना तयार होऊन भिंत एका बाजूला कलल्यासारखी दिसते. एक थर उजवीकडे आणि पुढचा पुन्हा डावीकडे घ्यावा.

सार्वजनिक इमारतींसाठी २०० बाय ३०० मि.मी.ची, बाजारात ‘आठ बाय बारा’ म्हणून ओळखली जाणारी लादी आडवी बसविणे सर्वांत सोयीचे. तिची लांबी वरील मर्यादेच्या आत असल्याने अर्ध्यावर मोड घेता येते, ती सहज कापता येते आणि एखादी फुटली तर बदलता येते. न्यूयॉर्कच्या धर्तीवरील लहान लाद्या आकर्षक असल्या तरी त्यांत सांध्यांची एकूण लांबी कितीतरी वाढते. आणि सांधा हाच ओलीचा व मळाचा मार्ग असल्याने वसतिगृहात त्यांचा मोह टाळलेला बरा. भिंतीच्या लादीचा पाठीकडील भाग सच्छिद्र असतो. भारतीय मानक १५६२२ नुसार १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषणाऱ्या गटात ती मोडते. ती जमिनीवर वापरू नये. ओल्या चकचकीत पृष्ठभागावरून पाय घसरतो, आणि न्हाणीघरात पडून मांडीचे हाड मोडलेले वृद्ध गावोगावी आढळतात.

कागदावरील आखणी

गिलावा पूर्ण झाल्यावर न्हाणीघराची आतील मापे १२५० बाय १५०० मि.मी. आहेत आणि लादी २०० बाय ३०० मि.मी.ची आहे, असे उदाहरणादाखल धरू. सांधा व कोपऱ्यातील फट प्रत्येकी ३ मि.मी. ठेवली तर एका लादीने व्यापलेली जागा ३०३ बाय २०३ मि.मी. होते. पुढील सर्व हिशेब याच मापाने करावयाचा आहे. केवळ लादीच्या मापाने हिशेब केल्यास शेवटचा तुकडा कधीही जुळत नाही.

१५०० मि.मी.च्या भिंतीचा मध्य काढून तेथे ओळंब्याने उभी रेघ मारावी. पहिल्या थरात या रेघेवर सांधा घेतला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन अखंड लाद्या आणि कोपऱ्यांत सुमारे १४० मि.मी.चा एकेक तुकडा येतो. हे दोन्ही तुकडे एकाच लादीतून निघतात. दुसऱ्या थरात रेघेवर लादीचा मध्य येतो. मधल्या तीन लाद्या अखंड आणि दोन्ही टोकांना २९१ मि.मी.चे तुकडे. दोन्ही थरांना पाच-पाचच लाद्या लागतात, भिंत दोन्ही कोपऱ्यांत सारखी दिसते आणि कोठेही अरुंद पट्टी येत नाही.

हीच रीत १२५० मि.मी.च्या भिंतीला लावली की घोटाळा होतो. मध्यावर सांधा घेतलेल्या थरात कोपऱ्यांत केवळ १४ मि.मी.च्या पट्ट्या उरतात. त्या कापता येत नाहीत, कापल्या तर टिकत नाहीत. गवंड्याच्या सवयीप्रमाणे एका कोपऱ्यातून अखंड लादी घेऊन सुरुवात केली, तर चार लाद्यांनंतर समोरच्या कोपऱ्यात ३२ मि.मी.ची, जेमतेम दोन बोटे रुंद पट्टी उरते आणि ती एकाआड एक थरात दिसत राहते. अशा भिंतीवर आरंभबिंदू मध्यापासून पाव लादीने सरकवावा. पहिल्या थरात डावीकडे ९० मि.मी.चा तुकडा, तीन अखंड लाद्या आणि उजवीकडे २४२ मि.मी.चा तुकडा, दुसऱ्या थरात तेच उलट, डावीकडे २४२ आणि उजवीकडे ९०. दोन थर परस्परांची आरशातील प्रतिबिंबे होतात आणि सर्वांत लहान तुकडाही चार बोटांहून रुंद राहतो. या एका सरकविण्यातच आखणीचे बहुतेक मर्म आहे. ज्याने ते कागदावर केले नाही त्याला भिंतीवर ते सुचण्याची शक्यता फार थोडी.

उंचीच्या बाबतीत दहा थरांचे २०३० मि.मी. होतात. बादली आणि तांब्याने स्नान होत असेल तर पाण्याचे शिंतोडे बहुधा सहा थरांच्या आतच राहतात, त्यामुळे निधी अपुरा असल्यास १२०० मि.मी.वर थांबण्यास हरकत नाही. फवारा बसवावयाचा असेल तर मात्र त्या भिंतीवर दहाही थर घ्यावेत. सर्वांत खालचा थर सर्वांत शेवटी बसवावयाचा असतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. न्हाणीघराच्या जमिनीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो. साठास एक या प्रमाणात १५०० मि.मी. लांबीत तो २५ मि.मी. होतो. जमिनीला टेकवून सुरुवात केली तर तो उतार भिंतीवर चढतो. म्हणून सर्वांत खोल टोकापासून २०३ मि.मी. उंचीवर पाण्याच्या नळीने पातळी काढून लाकडी पट्टी ठोकावी, दुसरा थर तिच्यावर उभारावा आणि पहिला थर नंतर उताराप्रमाणे कापून बसवावा.

या कामी एक साधे साधन फार उपयोगी पडते. सरळ लाकडी पट्टीवर ३०३ मि.मी.च्या अंतराने आणि मधोमध वेगळ्या रंगाने खुणा करून घ्याव्यात. ती भिंतीवर आडवी धरून डावीउजवीकडे सरकविली की प्रत्येक थराची टोके एका दृष्टिक्षेपात कळतात. नळाच्या तोटीवर सांधा येतो की लादीचा मध्य, हेही कळते. शाळेत शिक्षकांनी आलेख कागदावर हीच आखणी विद्यार्थ्यांकडून करवून घेतली, तर अपूर्णांक, क्षेत्रफळ आणि सममिती हे तीनही विषय शाळेच्याच न्हाणीघराच्या निमित्ताने शिकविता येतात.

लाद्यांची संख्याही आखणीवरूनच काढावी. वरील न्हाणीघरात एका लहान भिंतीला कोपऱ्यालगत ७५० मि.मी.चा दरवाजा आहे आणि त्यावर लादी नाही असे धरले, तर दोन मोठ्या भिंतींना १००, लहान अखंड भिंतीला ४४ आणि दरवाजाच्या भिंतीला २० अशा १६४ लाद्या लागतात. केवळ क्षेत्रफळाला भागून काढलेला आकडा, सांधे धरता, १५७ येतो. फरक लहान दिसतो, परंतु दहा न्हाणीघरांच्या वसतिगृहात तो ७० लाद्यांचा होतो, आणि काम अर्ध्यावर असताना आणलेल्या ७० लाद्यांचा रंग पहिल्या लाद्यांशी जुळत नाही. फुटीसाठी दहा टक्के वाढ धरून एका न्हाणीघराला १८० लाद्या मागवाव्यात.

येथे अंदाजपत्रकाचा विचार अवश्य केला पाहिजे. लादीकाम चौरस मीटरवर मोजले जाते. मोजमाप पुस्तिकेत क्षेत्रफळ लिहिले जाते, कापलेले तुकडे नव्हे. कापण्याचे श्रम आणि वाया गेलेला माल ठेकेदाराच्या खाती पडतो. साहजिकच त्याचा कल कोपऱ्यातून अखंड लादी घेऊन सुरुवात करण्याकडे असतो. प्रत्येक भिंतीचे आखणीचित्र अंदाजपत्रकासोबत जोडले आणि कार्यारंभ आदेशात त्याचा उल्लेख केला, तरच त्याप्रमाणे काम करून घेण्याचा आग्रह धरता येतो.

काळी माती आणि ओल

रिसोड परिसरातील कापसाची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील उथळ पायाच्या भिंती दरवर्षी थोड्याफार हलतात. भिंतीला उभी चीर गेली तर सांध्यावर सांधा असलेल्या लादीकामात ती कित्येकदा सांध्यातून निघून जाते. सांधेमोड रचनेत तिला एकाआड एक लादी फोडूनच जावे लागते. म्हणून जेथे भिंत अद्याप हलते आहे, जुन्या चिरा पावसाळ्यागणिक उघडतात व मिटतात, तेथे ही रचना घेऊ नये. आधी पायाचा आणि भिंतीभोवतालच्या सांडपाण्याचा बंदोबस्त करावा. न्हाणीघराचे पाणी त्याच्याच पायाशी मुरत असेल तर मातीचा दोष देण्यात अर्थ नाही. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जेथे मिळतात तेथे गिलाव्यात तारेची जाळी घालावी. दोन भिंतींच्या कोपऱ्यात व भिंत जमिनीला मिळते तेथे सिमेंटने सांधा भरू नये, लवचिक रबरी भरण वापरावे.

लादी पाणी अडविते, सांधा अडवीत नाही. सिमेंटचे सांधेभरण पाणी शोषून मागच्या गिलाव्याला देते आणि पलीकडच्या वर्गखोलीच्या भिंतीवर पोपडे धरतात. जलरोधक थर लादीच्या मागे, गिलाव्यावर द्यावयाचा असतो. फवाऱ्याच्या भिंतीवर पूर्ण उंचीपर्यंत आणि इतरत्र जमिनीपासून किमान ३०० मि.मी.पर्यंत. जमिनीवरील थर सुकल्यावर नाली बंद करून २४ तास पाणी साठवावे आणि बाहेरून भिंत पाहावी. ही परीक्षा लाद्या लागण्यापूर्वीच घ्यावयाची आहे. नंतर दोष सापडला तर नमुना कितीही सुंदर असो, फोडावाच लागतो.

सिमेंटच्या लगद्याने लाद्या बसवावयाच्या असतील तर त्या बुडबुडे येणे थांबेपर्यंत पाण्यात भिजवाव्यात. भारतीय मानक १५४७७ प्रमाणे तयार मिळणारा चिकट मसाला वापरल्यास बहुधा भिजवू नयेत, खोक्यावरील सूचना पाहावी. लादीच्या मागे चार-पाच गोळे ठेवून ती दाबून बसविण्याची रीत घाईची आहे. गोळ्यांमधील पोकळीत पाणी साचते आणि बादलीचा धक्का लागताच लादी फुटते. मसाला पाठभर पसरला पाहिजे. काम स्वीकारण्यापूर्वी पंचायत सदस्याने किंवा मुख्याध्यापकाने प्रत्येक लादीवर नाण्याने हलकेच ठोकून पाहावे. पोकळ आवाज येणाऱ्या लादीवर खडूने फुली मारावी आणि ती बदलून घ्यावी. यासाठी अभियंता लागत नाही.

सांध्यांचा रंग आणि पुढील निगा

सांधेभरणाचा रंग गडद घेतला तर विटेसारखी ठेवण उठून दिसते, आणि तितक्याच ठळकपणे गवंड्याची प्रत्येक चूकही. पांढरा घेतला तर थोड्याच दिवसांत मळतो. कठीण खडकातील विंधन विहिरींचे पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त असल्याने लादीवर पांढरट डाग पडतात. अशा पाण्याला फिकट राखाडी सांधा सर्वांत चांगला, कारण त्यावर क्षारही दिसत नाही आणि मळही. क्षार काढण्यासाठी दुकानांतून मिळणारे तीव्र आम्ल ओतण्याची सवय शाळांतून दिसते. त्याने डाग जातो, पण सिमेंटचा सांधाही विरघळतो, आणि दोन-तीन वर्षांत तीच भिंत आतून ओली होऊ लागते. स्नानानंतर भिंत पुसणे आणि आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने घासणे पुरेसे आहे.

लाद्यांच्या खोक्यावर रंगछटा, माप आणि उत्पादनगट यांचे क्रमांक छापलेले असतात. सर्व खोक्यांवर ते एकच आहेत हे माल उतरवून घेतानाच पाहावे. काम संपल्यावर उरलेल्या अखंड लाद्या ठेकेदाराबरोबर परत जाऊ देऊ नयेत. त्या खोक्यासह इमारतीतच ठेवाव्यात, आणि क्रमांकांची व भिंतींच्या आखणीचित्राची नोंद साठा नोंदवहीत करावी. पाच वर्षांनी नळ दुरुस्तीसाठी दोन लाद्या फोडाव्या लागल्या, तर तशाच दोन लाद्या बाजारात शोधत फिरण्याची वेळ येत नाही.